देवघराच्या भिंतीतली काळी माती

“आक्का, देवघराच्या भिंतीत आमच्या मळ्यातली माती हाय.”

बसगोंडा हे बोलला तेव्हा आम्ही त्याच्या घराच्या स्लॅबवर बसलो होतो आणि खाली पुराचं पाणी खिडक्यांच्या वर चढलं होतं. मला वाटलं, माणूस भ्यायलाय, काहीतरी बोलतोय. मी म्हटलं, “एक वीट हाय. भिंतीच्या पायात. मीच लावू दिली होती.”

“एक न्हाय आक्का. सगळी भिंत.”

शिरोळकडची माती काळी. तिच्यात ऊस चांगला येतो. पण पाणी प्याली की ती फुगते आणि आणखी प्याली की लोण्यासारखी होते. मातीच्या विटांच्या घराला ती चालत नाही. हे मी त्या घरावर राबणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, बसगोंडाला तर दोनदा सांगितलं होतं. आता देवघराची ती भिंत पाण्यात उभी होती, स्लॅबचं उगवतीकडचं टोक तिच्यावर टेकलेलं होतं आणि स्लॅबवर आम्ही सहा माणसं होतो. बसगोंडा, त्याची बायको सुवर्णा, तिच्या मांडीवर वर्षाची पोरगी, बसगोंडाची म्हातारी आई, जिला सगळे अव्वा म्हणायचे, शेजारच्या मळ्यातला बाबूचाचा आणि मी. शिवाय बाबूचाचाची शेळी.

मी विचारलं, “कोण कोण जाणतं हे?”

बसगोंडा खाली बघत म्हणाला, “मी आणि अव्वा.”

अव्वा ऐकत होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तोंड दुसरीकडं केलं.

हे घर मी बांधलं होतं. मी गवंडी होते. बाई गवंडी म्हटलं की लोक अजून दोनदा विचारतात, म्हणून ते आधी सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा हमाली करायचा, त्याची पाठ गेली, म्हणून मी बांधकामावर गेले. राजारामपुरीत तेव्हा जुने बंगले पाडून फ्लॅट उठत होते. मी डोक्यावर घमेली घेऊन जिने चढायची. बाईनं घमेलं उचलायचं, थापी धरायची नाही, असा रिवाज. एकदा गवंडी जेवायला बसलेला असताना मी त्याची थापी घेऊन चार विटा लावल्या. जेवून आला आणि लाथेनं पाडल्या. ओळंबा लावून बघितला असता तर सरळ होत्या. बघितला नाही.

पुढं एका संस्थेनं मातीच्या विटांची घरं शिकवायचा वर्ग काढला. आधी त्यांनी पुरुष गवंड्यांना बोलावलं. ते हसले. “मातीची घरं आमच्या बापानं सोडली, आता तुम्ही परत आणा,” म्हणाले. मग बायकांना बोलावलं. आम्ही काही मोठ्या विचारानं गेलो नाही. काम सावलीत होतं म्हणून गेलो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. भट्टीची वीट भाजायला ढीगभर जळण लागतं. आमची वीट भाजायचीच नाही. तांबडी मुरमाड माती चाळायची, तिच्यात थोडी वाळू आणि थोडं सिमेंट घालायचं. पाणी एवढंच, की मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि तो खाली टाकला तर फुटावा. मग लोखंडी पेटीत भरून वरून लांब दांड्यानं दाबायचं. दोन बायका दांड्याला लोंबकळल्या की वीट तयार. ती ओल्या पोत्यांखाली तीन आठवडे ठेवायची. अशी जाड भिंत उन्हाळ्यात आतून गार राहते. स्लॅबमध्येही जिथं काँक्रीटला काही काम नसतं तिथं जुनी मंगळुरी कौलं पालथी घालायची. सिमेंट वाचतं, वजन कमी होतं आणि खोली तापत नाही. संस्थेच्या इंजिनियर साहेबांनी शिकवलं ते एवढंच. आणि एक लोखंड-सिमेंटचा पट्टा, खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या घराभोवती फिरवायचा. त्या पट्ट्यावरून मी साहेबांशी भांडले होते. साध्या खोलीला एवढं लोखंड कशाला, असं माझं म्हणणं. ते म्हणाले, “आक्का, भिंत कधी दगा देईल ते भिंत सांगत नाही.” पट्टा घालावाच लागायचा.

मातीची परीक्षा मात्र माझ्याकडं असायची. नव्या ठिकाणी गेले की मातीची वडी करून उन्हात ठेवायची. तडकली तर माती परत. घरवाले चिडायचे, ट्रॅक्टर भरून आणलेली माती ही बाई वडी बघून परत पाठवते. पाठवायचीच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. राजारामपुरीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून घेतल्या. रोज सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायचे आणि भिंतीत खुपसून बघायचे, माती निघते का. महिन्यानं मला बोलावलं, “बाई, भिंतीला भोकं पडलीत.” मी म्हटलं, “काका, तुम्हीच पाडताय आणि तुम्हीच विचारताय?” बिद्रीच्या बाजूला एका शाळामास्तरांचं घर बांधलं. ते उन्हाळ्यात इतकं गार राहिलं की सगळ्या गावातले पाहुणे दुपारचे त्यांच्याकडं झोपायला यायला लागले. मास्तर तक्रार घेऊन आले. “आक्का, घर सांगितलं होतं, धर्मशाळा न्हाय.”

हे हसण्यावारी. पण मला भीती असायची, ती कधी गेली नाही. भाजक्या विटेच्या भिंतीला ओल आली तर लोक पावसाला शिव्या देतात. मातीच्या विटेला ओल आली तर सगळे माझ्याकडं बघायचे. पावसाळ्यात मी बांधलेल्या घरांवरून चक्कर मारायची. आत जायचं नाही, चहा घ्यायचा नाही. बाहेरून भिंतीला हात लावायचा आणि परत फिरायचं. हाताला गार लागलं तर चालायचं. हाताला माती लागली तर काय करायचं, ते मी कधी ठरवलं नव्हतं.

बसगोंडा उंच, हळू बोलणारा माणूस. आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. मळ्यात पत्र्याचं घर होतं. सुवर्णा नवी लग्न होऊन आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पत्र्याखाली दोनदा चक्कर येऊन पडली. म्हणून गार घर बांधायचं ठरलं. अव्वाला ते मान्य होतं, पण तिच्या दोन अटी होत्या.

पहिली मातीची. आम्ही तांबडी माती लांबून आणणार म्हटल्यावर ती म्हणाली, “मातीचं घर, आणि आमचीच माती न्हाय? मग घर कुणाचं ते? ज्येच्या रानातली माती त्येचं घर.” मी वडी करून दाखवली. मळ्यातल्या मातीची वडी वाळून चार ठिकाणी तडकली होती. अव्वा म्हणाली, “ऊस तडकत न्हाय तिच्यात.” शेवटी साहेबांनी तोड काढली. मळ्यातल्या मातीची एकच वीट करा आणि देवघराखाली पायात ठेवा. अव्वानं विभूती लावून ती वीट ठेवली. मला वाटलं, मिटलं.

दुसरी अट अशी, की देवघराच्या वरच्या स्लॅबवर कुणाचा पाय पडायचा नाही. म्हणून जिना घराच्या मावळतीच्या टोकाला काढला. स्लॅब झाल्यावर अव्वानं वर येऊन देवघर जिथं संपतं तिथं चुन्याची रेघ मारून घेतली. रेघेपलीकडं जायचं नाही.

बांधकाम चालू असताना अमावस्येची सुट्टी पडली. आम्ही बायका घरी गेलो. परत आलो तर ओल्या पोत्यांखाली विटांची नवी रास. बसगोंडा म्हणाला, “रिकामं बसवंना आक्का, आम्हीच दाबल्या.” विटा काळपट दिसत होत्या. मी विचारलं. म्हणाला, “पाणी जास्त पडलं.” ओली वीट काळपट दिसतेच. त्या राशीतल्या विटा देवघराला लागल्या. मग अव्वाच्या सांगण्यावरून तेवढ्याच भिंतीला आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा झाला.

त्या पुरानंतरही मी काही वर्षं काम केलं. नवं घर हातात घेतलं की मातीच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसायची आणि विचारायची, “तुमच्या मनात काय हाय ते आत्ता सांगा.” लोकांना वाटायचं आक्का मानपान करतेय.

घराला दोन पावसाळे गेले. दोन हजार पाचच्या पावसात निरोप आला, देवघराची भिंत पोट काढतेय, येऊन बघा. मी एस.टी.नं गेले. भिंत खरंच फुगली होती. गिलाव्यावर ठोकलं तर पोकळ आवाज. मला कारण कळेना. बसगोंडा बाजूला उभा होता. मी चार वेळा बोलले, “असं व्हायला नको,” आणि तो चार वेळा “व्हय” म्हणाला. मी परत निघायच्या आत रस्ता पाण्याखाली गेला.

तिकडं पूर धावत येत नाही. उसाच्या सरींमधून येतो, आवाज न करता. आधी लांब काहीतरी चमकतं, मग गोठ्यात येतं, मग चुलीत. गावातली माणसं बाहेर पडली तेव्हा अव्वा म्हणाली, “आमच्या मळ्यात कधी पाणी आलं न्हाय.” सकाळी गोठ्यात आलं. म्हशी सोडून दिल्या आणि आम्ही वर चढलो. धान्य वर आणलं. ज्वारी, सोयाबीनचं बी, सगळं वर्षाचं. पोती कुठं ठेवायची, तर अव्वानं रेघेपलीकडं दाखवलं. तिथं पाय पडायचा नाही, म्हणजे वाटेत यायची नाहीत. बसगोंडानं स्वतः रेघेअलीकडं उभं राहून पोती ढकलत ढकलत टोकाला लावली. मी बघत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. भिंत माझ्या विटांची, असं मी धरून चालले होते.

मग बाबूचाचा आला. त्याची पोरं इचलकरंजीला कापडाच्या मागावर, मळ्यात तो एकटा. शेळी खांद्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून आला आणि जिन्यावरून चढला. त्याचं जुनं पांढऱ्या मातीचं घर आमच्या डोळ्यांदेखत बसलं. मोठा आवाज झाला नाही. एक कोपरा गेला, मग छप्पर सरळ खाली येऊन पाण्यावर टेकलं. चाचा बघत राहिला आणि म्हणाला, “गेल्या वर्षी कौलं बदलली हुती.”

अव्वा म्हणाली, “त्या शेळीला माझ्यापास्नं लांब बांध.”

“तिचं पण घर पडलंय अव्वा. आज पावणी हाय ती.”

“पावण्यानं लुगडं खाल्लं तर?”

“लुगडं मी देतो. बस गप.”

सुवर्णा हसली. तेवढंच हसणं त्या दिवशीचं.

थोड्या वेळानं खालून थप्प असं काहीतरी पाण्यात पडलं. मग परत थप्प. मी स्लॅबच्या कडेवर पालथी पडून खाली बघितलं. देवघराच्या भिंतीचा गिलावा परातीएवढे तुकडे होऊन पडत होता. जिथं पडला होता तिथं आतली वीट दिसत होती. तांबडी नव्हती. तेव्हाच बसगोंडा मळ्यातल्या मातीचं ते बोलला.

भीती म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. घमेलं घेऊन चौथ्या मजल्यावर फळीवरून चालताना वाटते ती वेगळी. तिथं पडले तर मी पडणार. इथं खाली माझं काम होतं आणि त्याच्यावर एक वर्षाची पोरगी बसली होती.  

मी म्हटलं, “सगळे जिन्याकडं सरका. जिन्याच्या भिंतीला चिकटून बसा. आणि ती पोती पाण्यात टाकायची. आत्ता.”

बसगोंडाला लगेच कळलं. सगळ्या घरातलं जड वजन बरोबर त्याच भिंतीवर ठेवलं होतं. तो उठला. पण त्याच्या आधी अव्वा उठली. रेघेपाशी गेली, पाय पडू नये म्हणून गुडघ्यांवर आली, रांगत पोत्यांपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी पोतं धरून बसली.

“बेड, बेड,” म्हणत राहिली. घाबरली की तिच्या तोंडी कानडी यायचं, बेड म्हणजे नको. “पेरायचं बी हाय त्यात. बेड.”

“अव्वा, ये मागं,” बसगोंडा म्हणाला.

“तू टाकणार? ज्या मातीतनं आलं तिच्यातच बुडवणार?”

“भिंत जाईल अव्वा.”

“माझ्या मातीची भिंत हाय. ती न्हाय जायाची.”

बसगोंडा रेघेपाशी उभा राहिला. त्याचा पाय पुढं पडेना. मी त्याला ओरडले, “अरे, आई हाय तुझी!” तो रडायला लागला, पण पाय पडेना. सुवर्णा मागून ओरडत होती, “जावा की! जावा की हो!”

मी गेले. ती स्लॅब ओतली तेव्हा मी दिवसभर तिच्यावर चालले होते, देव आत बसायच्या आधी. पायाखाली स्लॅब किंचित झुकलेली लागली. इतरांना कळली नसती. मला कळली. माझ्या मागोमाग बाबूचाचा आला.

मी म्हटलं, “तुम्ही थांबा चाचा. वजन वाढतंय.”

“तू म्हातारीला बघशील का पोती उचलशील? माझा देव खाली न्हाय, मला काय अडचण? हो बाजूला.”

मी अव्वाच्या काखेत हात घातले आणि ओढलं. तिनं मला बोचकारलं. चाचानं तिच्या हातातलं पोतं सोडवलं, कडेपर्यंत लोटलं आणि पायानं खाली टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. अव्वा प्रत्येक पोत्याला किंचाळली. मी तिला फरफटत रेघेपर्यंत आणलं. तिथं बसगोंडानं तिला घेतलं आणि उचलून जिन्याकडं नेलं.

मी मागं वळून ओरडले, “चाचा, या आता! राहू देत उरलेली!”

“दोनच ऱ्हायलीत. वजन काढायचं म्हणालीस न्हवं?”

“राहू देत!”

“अगं, आता हात लागलाय तर—”

भिंत गेली. ती आडवी पडली नाही, खालच्या खाली बसली, ओल्या शेणाचा ढीग बसतो तशी. स्लॅब रेघेच्या जवळच मोडली, कौलांच्या ओळीवर, आणि देवघराचा सगळा तुकडा सळ्यांना धरून झडपेसारखा खाली लोंबला. चाचा बसल्या बसल्या घसरला. त्याच्यामागोमाग ती दोन पोती घसरली आणि त्याच्यावर गेली. तो पोहणारा माणूस होता. नदीकाठचा. पण पोती त्याच्यावर होती, आणि पाणी गढूळ, खाली काही दिसत नव्हतं.

मी रेघेच्या अलीकडं पडले होते. बसगोंडानं पाण्यात उडी टाकली. या वेळी त्याचा पाय अडला नाही. तो तीन-चार वेळा खाली गेला. मी वरून सुवर्णाचं लुगडं सोडलं होतं, धरून वर यायला. शेवटी तो एकटाच ते धरून वर आला. हात मातीनं काळे झालेले.

त्यानंतर आम्ही जिन्याच्या भिंतीला पाठ लावून बसलो.  उरलेली स्लॅबही जाणार, असं मला वाटत होतं. मी सारखी कान लावून ऐकत होते, खालून थप्प होतंय का. पोरगीनं हात आपटला तरी मी दचकायची. तांबड्या विटांच्या तिन्ही भिंती उभ्या राहिल्या आणि साहेबांच्या पट्ट्यानं त्या एकमेकींना धरून ठेवल्या. मला ते तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की अजून पडलो नाही.

 शेळी अव्वाच्या पायाशी येऊन बसली. तिनं हाकललं नाही.

दुपार कलताना उसावरून बोट आली. त्यातल्या माणसानं लांबूनच ओरडून विचारलं, किती जण आहात. मी ओरडून सांगितलं, “पाच.” त्या स्लॅबवरून बोटीत उतरलो ते अव्वा, बसगोंडा, सुवर्णा, तिची पोरगी, मी आणि शेळी. बाबूचाचा नाही.